प्रेप स्कूलला पाठवायचं का? बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांचे आणि पालकांचे प्रश्न

परीक्षा संपत आल्या की ठाणे-नवी मुंबईच्या बास्केटबॉल कोर्टांवर ‘प्रेप’ हा शब्द फिरू लागतो. या खेपेची पत्रं बहुतेक त्याचीच आहेत. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: प्रेप स्कूल म्हणजे अमेरिकेतली खासगी, बहुधा निवासी शाळा. नववी ते बारावी तर तिथे असतेच, शिवाय बारावीनंतरचं एक जादा वर्षही करता येतं. त्याला तिकडे पोस्ट ग्रॅज्युएट, बोलीत पीजी म्हणतात. आपल्याकडच्या एमए-एमकॉमच्या पीजीशी त्याचा संबंध नाही. गावातल्या सरकारी हायस्कूलमधला चांगला खेळाडू अशा शाळेत हलवायचा की नाही, हा वाद तिकडेही जुना आहे. आपल्याकडे त्यात व्हिसा, डॉलर आणि बोर्डाची मार्कशीट यांची भर पडते.

मुलगा दहावीला आहे, उंची ६ फूट २ इंच, खेळतो सेंटरवर. १७ वर्षांखालील शालेय स्पर्धेत राज्य पातळीपर्यंत गेला. अमेरिकेतल्या एका प्रेप स्कूलने व्हिडिओ पाहून अर्धी फी माफ करू असं कळवलं आहे. कोच म्हणतात, संधी सोडू नका. माझे वडील म्हणतात, आधी बारावी होऊ दे. कुणाचं ऐकू? — एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे

वडिलांचं ऐका. ‘बोर्डाचं सर्टिफिकेट हातात असू दे’ एवढंच त्यांच्या मनात असेल, पण खेळाच्या हिशेबानेही ते बरोबर आहे.

आधी मुलाची कोर्टवरची जागा पाहा. तो रिंगखाली उभा राहून रिबाउंड गोळा करतो, कारण समोरचा मुलगा ५ फूट ९ इंचांचा असतो. अमेरिकेतल्या डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीवर खेळणाऱ्या कॉलेजांत ६ फूट २ इंच ही गार्डची, म्हणजे बाहेरून बॉल हाताळत खेळ चालवणाऱ्याची उंची आहे. म्हणजे तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी त्याला कधी न खेळलेल्या जागेवर खेळावं लागेल, आणि त्या जागेसाठी लहानपणापासून बॉल हाताळणारी तीन-चार मुलं आधीच रांगेत असतील. मोठ्या प्रेप स्कूलमध्ये एकच टीम नसते. राष्ट्रीय टीम, तिच्याखाली प्रादेशिक टीम, कुठे पीजीची वेगळी टीम. कॉलेजचे कोच येतात ते राष्ट्रीय टीमचा सराव पाहायला. व्हिडिओवरून घेतलेला परदेशी मुलगा बहुतेक वेळा खालच्या टीममध्ये जातो, आणि फी भरून त्या टीमचा खर्चही काही अंशी तोच उचलतो. तेव्हा शाळेला लेखी विचारा: कोणत्या टीममध्ये, कोणत्या जागेवर, आणि त्या जागेवर पुढच्या वर्षी आणखी किती मुलं असणार आहेत?

मग ‘अर्धी’ म्हणजे कशाची अर्धी? समजा शिक्षणाची फी ४५ हजार डॉलर आणि राहणं-जेवण २० हजार. एकूण ६५ हजारांची अर्धी माफ झाली तर उरतात ३२,५००, म्हणजे डॉलरला ८५ रुपये धरले तर वर्षाला साडेसत्तावीस लाखांच्या वर. माफी फक्त शिक्षणाच्या फीवर असेल तर उरतात ४२,५००, म्हणजे ३६ लाख. ‘अर्धी’ हाच शब्द, पण फरक साडेआठ लाखांचा. यात विमानभाडं, आरोग्य विमा, उन्हाळ्यातल्या क्लब टीमचा प्रवास धरलेला नाही. नोव्हेंबरअखेर, नाताळात आणि वसंतात हॉस्टेल बंद होतं तेव्हा मुलगा कुठे राहणार, हा खर्चही पालकांना बहुधा तिथे गेल्यावरच कळतो. बँकांचं शैक्षणिक कर्ज साधारणपणे बारावीनंतरच्या शिक्षणाला मिळतं, त्यामुळे हे पैसे खिशातून किंवा घर गहाण ठेवून. एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त रक्कम बाहेर पाठवली की बँक वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात.

दहावीनंतर लगेच पाठवणं आम्हाला तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच पटतं. एक, मुलगा सोळाव्या वर्षी ६ फूट ८ इंचांच्या आसपास किंवा वर असेल, कारण उंच मुलगा उंच मुलांशी भिडूनच शिकतो आणि तशी मुलं आपल्या जिल्ह्यात मिळत नाहीत. दोन, राहण्या-जेवणासकट सगळा खर्च शाळा उचलते हे लेखी असेल आणि दुखापत झाली तरी शालेय वर्ष पूर्ण होईपर्यंत ती माफी टिकेल. तीन, मुलाला इंग्रजीतलं इतिहासाचं पुस्तक स्वतः वाचून चार परिच्छेद लिहिता येत असतील.

तिसरी अट किरकोळ वाटते, ती तशी नाही. लुधियानाच्या अकादमीतून आलेला सतनाम सिंग भमारा २०१० मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता, सात फुटांच्या जवळ. २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्यात, ५२ व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला तो पहिलाच. पण कॉलेजचं बास्केटबॉल तो खेळलाच नाही, आणि एनबीएच्या मुख्य मोसमातला एकही सामना त्याला मिळाला नाही. शाळेतून थेट व्यावसायिक खेळात पडला आणि मधली चार वर्षं, ज्यांत उंच खेळाडू घडतो, ती गेली. उलट मोहालीचा अमान संधू. तोही सात फुटांचा. एनबीए अकादमी इंडियातून पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रेप स्कूलमध्ये गेला आणि २०२२ मध्ये न्यू जर्सीच्या मॉनमाउथ विद्यापीठात डिव्हिजन वन स्कॉलरशिपवर दाखल झाला. उंची दोघांचीही होती. अमानकडे अभ्यासाचा रस्ता उघडा होता.

तुमच्या मुलासाठी दोन वर्षं इथे, गार्ड म्हणून. डावा हात, धावता धावता थांबून शॉट, बाहेरचा तीन गुणांचा शॉट, आणि आपल्यापेक्षा चपळ मुलाला अडवणं. मग बारावीनंतर पीजीचं एकच वर्ष. खर्च एका वर्षाचा, शरीर अठरा वर्षांचं, बारावी हातात.

अमेरिकेचा कूपर फ्लॅग गाव सोडून माँटव्हर्डच्या प्रेप स्कूलला गेला म्हणूनच एनबीए ड्राफ्टमध्ये पहिला आला ना? जे आपल्याच शाळेत राहतात ते मागे पडतात, असं म्हणता येईल का? — एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

फ्लॅग मेन राज्यातल्या सरकारी शाळेत पहिल्याच वर्षी राज्य विजेतेपद जिंकून २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या माँटव्हर्ड अकादमीत गेला. २०२३-२४ च्या मोसमात ती टीम ३३ पैकी ३३ सामने जिंकली. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिला. पण त्याच टीममधला डेरिक क्वीन १३ वा, एसा न्यूएल २३ वा आणि लियाम मॅकनीली २९ वा गेला, हेही पाहा. एका शाळेच्या टीममधली चार मुलं पहिल्याच फेरीत! तिथला रोजचा सराव हाच सामना होता. फ्लॅग गेला तो त्यासाठी, आणि गेला तेव्हा तो आधीच देशातल्या सर्वोत्तम मुलांपैकी एक होता. एखादी इयत्ता पुन्हा करून वर्षभर मागे राहण्याऐवजी तो एक वर्ष आधीच उत्तीर्ण होऊन बाहेर पडला.

झायन विल्यमसन मात्र साउथ कॅरोलायनातल्या छोट्या स्पार्टनबर्ग डे स्कूलमध्येच राहिला आणि २०१९ ला पहिला गेला. त्याच राज्यातला जा मोरँट सरकारी शाळेतून, फारसं कुणी विचारत नसताना, मरे स्टेटला गेला आणि झायनच्याच वर्षी दुसरा आला. कोच मंडळींना मुलं दिसतात ती मुख्यतः उन्हाळ्यातल्या क्लब स्पर्धांत. त्यामुळे ‘दिसण्यासाठी’ शाळा बदलणं हे कारण आम्हाला लंगडं वाटतं.

अलीकडे बदललेली गोष्ट वेगळी आहे. कॉलेज खेळाडूंना आता एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळता येतं. त्यामुळे कोच अठरा वर्षांच्या नवख्यापेक्षा एकवीस वर्षांचा, दोन मोसम खेळलेला तयार गडी पसंत करतात. शाळकरी मुलांच्या खुर्च्या कमी झाल्या. तेव्हा तिकडच्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजचा (आपली अकरावी-बारावी नव्हे, बारावीनंतरचं) मार्गही डोक्यात ठेवा. प्रेपपेक्षा स्वस्त, तिथे स्कॉलरशिप मिळू शकते, आणि खेळून झालं की पदवीची निम्मी वाट सरलेली असते.

मुलगा खेळतो म्हणून अकरावीला कॉमर्स घ्यावं, गणित नको, असं सगळे सांगतात. पुढे अमेरिकेत जायचं झालं तर चालेल का? — एक आई, वाशी

कॉमर्स चालेल. गणित सोडलेलं चालणार नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं नियमन करणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या डिव्हिजन वनसाठी नववी ते बारावीत १६ ‘कोअर’ विषय-वर्षं लागतात: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २, इंग्रजी-गणित-विज्ञान यांपैकी आणखी १, आणि उरलेली ४ याच विषयांतून किंवा दुसऱ्या भाषेतून. सरासरी किमान २.३, म्हणजे चारांच्या मापावर. डिव्हिजन टूला २.२. सॅटसारख्या परीक्षेची अट २०२३ मध्ये काढली.

आता आपली नववी-दहावी मांडा. इंग्रजी २, गणित २, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २, वर भाषा. कॉमर्सची अकरावी-बारावी: इंग्रजी २, अर्थशास्त्र २, गणित घेतलं तर २. बुककीपिंग, ओसी आणि एसपी कोअरमध्ये धरत नाहीत. गणितासह बेरीज इंग्रजी ४, गणित ४, विज्ञान २, सामाजिक ४ अशी चौदावर जाते आणि उरलेल्या दोन जागा शाळेतल्या भाषांतून भरता येतात. गणिताशिवाय मात्र ते दोनवरच अडकतं. तिसरं वर्ष नंतर कुठून आणणार? हे बहुतेकांना बारावीच्या निकालानंतर कळतं.

आणखी एक अट: १६ पैकी १० विषय-वर्षं बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवीत, आणि त्यांतली ७ इंग्रजी, गणित, विज्ञान यांतली. हे गुण तिथेच गोठतात. पुन्हा परीक्षा देऊन वाढवता येत नाहीत. आपल्याकडे नववी आणि अकरावी ही ‘पास झालं की संपलं’ अशी वर्षं मानतात. इथे त्यांचं वजन दहावी-बारावीइतकंच. म्हणून इंटिग्रेटेड म्हणवणाऱ्या, प्रत्यक्षात हजेरी न लावणाऱ्या कॉलेजांपासून जपा. अकरावीचे गुण कागदावर आणि खरे लागतात, आणि बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अटही आहेच.

नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत जायच्या आधी शाळेकडून सही-शिक्क्याच्या दोन प्रती घ्या. आणि नाव तपासा. आपल्या एसएससीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आईचं वेगळं. पासपोर्टवर क्रम निराळा. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर तो दहावीचा फॉर्म भरतानाच दुरुस्त होतो, नंतर बोर्डाच्या वाशी कार्यालयात खेपा.

मी १७ वर्षांचा, अकरावीत. प्रेपला जाऊन अकरावी पुन्हा केली तर अंग भरायला एक वर्ष जास्त मिळेल ना? तिथली मुलं तसंच करतात. — एक खेळाडू, कळवा

तिथली मुलं ते करतात, पण बहुतेक शहाणी मुलं आठवीतच करतात. एनसीएएचं घड्याळ नववीत पहिलं पाऊल टाकलं की सुरू होतं आणि चार वर्षांनी, म्हणजे आठ सेमिस्टरनंतर, थांबतं. मधे कुठलंही वर्ष पुन्हा केलंस तरी ते थांबत नाही.

तुझा हिशेब असा. इथली नववी, दहावी, अकरावी ही तीन वर्षं झाली. तिथे अकरावी पुन्हा केलीस की चौथं संपलं. मग तिथली बारावी पाचव्या वर्षात येते, आणि त्या वर्षी शिकलेलं कोअरमध्ये धरलं जात नाही. वर ‘वेळेत उत्तीर्ण’ नाही म्हणून एका जादा विषयाची सवलतही जाते. चांगला खेळून, फी भरून, अपात्र! डिव्हिजन थ्री आणि एनएआयए या दुसऱ्या संघटनेच्या कॉलेजांचे नियम वेगळे आहेत, पण डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते.

हेच वर्ष बारावीनंतर घेतलंस तर सगळं सुरळीत. बारावी वेळेत पास, मग पीजी. त्या वर्षात एक कोअर विषय सुधारता किंवा वाढवता येतो आणि कॉलेजला जायला वर्षभराची मोकळीक असते. त्याहून जास्त थांबून स्पर्धा खेळत राहिलास तर कॉलेजमधले खेळायचे मोसम कापले जातात. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्यामुळे एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवरचं चालू वर्षाचं पत्रक काढ, दोन वर्षांपूर्वीचा व्हॉट्सअॅप फॉरवर्ड नको.

एक एजंट आमच्या मुलांच्या पालकांना भेटतो आहे. म्हणतो, सहा लाख द्या, टुरिस्ट व्हिसावर नेतो, तिथे शाळेत घालतो, पुढे स्कॉलरशिप मिळाली की तिच्यातले दहा टक्के. पालक मला विचारतात, काय सांगू? — एक प्रशिक्षक, नेरूळ

टुरिस्ट व्हिसावर शाळेत नाव घालता येत नाही. वाक्य इथेच संपायला हवं, पण पालकांना सविस्तर सांगावं लागेल.

शाळेसाठी लागतो एफ-१ व्हिसा. त्यासाठी शाळेला सेव्हिपची, म्हणजे परदेशी विद्यार्थी घ्यायची सरकारी मान्यता हवी आणि तिने आय-२० नावाचा फॉर्म द्यायला हवा. तो आला की ३५० डॉलरची सेव्हिस फी, डीएस-१६० अर्ज, १८५ डॉलरची व्हिसा अर्जाची फी आणि बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. एजंट ‘सरकारी शाळेत फुकट घालतो’ म्हणत असेल तर तेही खोटं. एफ-१ वर सरकारी हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं आणि तेही पूर्ण खर्च भरून.

दुसरी तपासणी एनसीएएच्या हायस्कूल पोर्टलवर. शाळेचं नाव टाकलं की तिथले कोणते विषय मान्य आहेत ती यादी दिसते. नाव नसेल, किंवा यादीत दोन-चारच विषय असतील, तर तिथून पुढे बोलणी नकोत. नुसत्या बास्केटबॉलसाठी उभारलेल्या, वर्ग नावापुरते असलेल्या शाळा अमेरिकेत २००६ च्या सुमारास उघड्या पडल्या आणि एनसीएएने त्यांचे गुण धरणं बंद केलं. तशा अजूनही अधूनमधून उगवतात: भाड्याचं घर, भाड्याचं जिम, ऑनलाइन वर्ग.

दहा टक्क्यांची गोष्ट सगळ्यांत घातक. खेळाडूची माहिती कॉलेजांपर्यंत पोचवणाऱ्याला ठरावीक शुल्क घेता येतं, पण स्कॉलरशिप मिळण्याशी जोडलेला मोबदला नियमात बसत नाही. तशा कागदावर पालकांनी सही केली तर मुलाची पात्रताच धोक्यात येते. ‘जाहिरातीतून लाखो मिळतील’ या आमिषालाही तोच न्याय. अमेरिकन मुलं तसं कमावतात, पण एफ-१ वरच्या मुलाने तिथे कामाचे पैसे घेतले तर व्हिसा जातो.

पालकांना शाळेकडून या गोष्टी कागदावर मागायला सांगा: गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेली मुलं कोणत्या कॉलेजात गेली त्यांची यादी, माफी एका वर्षाची की दरवर्षी आपोआप चालू राहणारी, सुटीत मुलगा कुणाच्या ताब्यात, आणि गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं तर विमा किती भरतो. हॉस्टेलच्या गृहपालांशी एक व्हिडिओ कॉल. कोच गोड बोलतोच. गृहपाल मुलं रात्री किती वाजता झोपतात ते सांगतो.

आणि तिथल्या राज्य क्रीडा संघटनेचे शाळा बदलण्याचे नियम त्या शाळेला लागू आहेत का, तेही विचारा. अनेक राज्यांत शाळा बदललेल्या मुलाला काही काळ किंवा अख्खा मोसम मुख्य टीममधून खेळू देत नाहीत, काही ठिकाणी परदेशी मुलांना कडक बंधनं आहेत. राज्य संघटनेबाहेर, राष्ट्रीय साखळीत खेळणाऱ्या प्रेप शाळांना ते लागू नसतं.

कोपरखैरण्यातल्या शाळेला कोर्ट नाही. माटुंग्याच्या एखाद्या बास्केटबॉलवाल्या शाळेत आठवीतल्या मुलाला घालू का? — एक पालक, कोपरखैरणे

शाळा बदलू नका, संध्याकाळचं कोर्ट बदला. कोपरखैरणे ते माटुंगा म्हणजे ट्रान्स हार्बरने ठाणे आणि तिथून स्लो लोकल, किंवा वाशी-कुर्ला-माटुंगा. दाराबाहेर पडल्यापासून शाळेत पोचेपर्यंत सव्वा-दीड तास, जाऊन-येऊन अडीच-तीन. तेरा वर्षांच्या, वाढत्या मुलाला नऊ तास झोप लागते, आणि ती पहिली कापली जाते. शिवाय आज तो नवी मुंबई महापालिकेच्या स्पर्धेतून विभागाला जाऊ शकतो. तिकडे गेल्यावर मुंबईच्या शाळांतून निवड, जी बरीच अवघड.

आठवड्यातले चार दिवस जवळच्या क्लबवर आणि शनिवारी नागपाड्याला किंवा माटुंग्याला. नागपाड्यात वयाने मोठे, अंगाने दणकट खेळाडू शाळकरी मुलाला फार कौतुक न दाखवता खेळवतात, ते हवंच. रविवार ठेवू नका, मेगाब्लॉक असतो.

सोसायटीच्या कोर्टवर सराव करून उपयोग होतो का? — एक वाचक, माजिवडा, ठाणे

होतो, पण आधी टेप घेऊन कोर्टवर जा. रिंग ३.०५ मीटरवर आहे का? तीन गुणांची रेषा रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर आहे का? रंगाऱ्याने अंदाजाने मारलेली रेषा सव्वासहावर निघाली तर मुलगा वर्षभर चुकीच्या अंतराचा शॉट घोटतो. फिबा (बास्केटबॉलची जागतिक संघटना) आणि अमेरिकन कॉलेज दोन्हीकडे आता ६.७५ आहे. अमेरिकन हायस्कूलची रेषा मात्र ६.०२ वर, म्हणून तिथले शाळकरी आकडे वाचून हुरळून जाऊ नका.

खांब एंडलाइनला चिकटून असेल तर त्यावर जाड फोम बांधा, ले-अपनंतर मुलं त्यावरच आदळतात. काँक्रीटवर उड्यांचा सराव आठवड्यातून दोनदाच. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं तर सहसा चेंडूचा दोष नसतो, फरशीचा असतो. शॉट मोजायचे ते टाकलेले नव्हे, पडलेले: दिवसाला २५० पडलेले, त्यातले १०० रेषेबाहेरून, ५० फ्री थ्रो दमल्यावर. वहीत लिहायचं. आणि मोबाइलवर २४ सेकंदांचा गजर लावून खेळा. शालेय स्पर्धेत शॉट क्लॉक, म्हणजे शॉटसाठीची ही वेळ मोजणारं घड्याळ, अनेकदा बंदच असतं, त्यामुळे आपली मुलं घाईत निर्णय घ्यायला शिकतच नाहीत.

मी १६ वर्षांची, ५ फूट ७ इंच, पॉइंट गार्ड. मुलींनी प्रेपला जायची गरज असते का? — एक खेळाडू, ऐरोली

मुलांपेक्षा कमी. मुलींच्या प्रेप टीम कमी आहेत, आणि कॉलेजं मुलींना थेटही घेतात. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे तिथल्या विद्यापीठांना मुलींच्या खेळात पैसे घालावेच लागतात. बेंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोनात आणि हरसिमरन कौर सॅन दिएगो विद्यापीठात डिव्हिजन वन खेळायला गेल्या. फक्त डिव्हिजन वनवर अडून बसू नकोस. तुझ्या उंचीच्या गार्डला डिव्हिजन टू आणि एनएआयएमध्येही स्कॉलरशिप मिळते.

तुझं पहिलं काम व्हिडिओ. तीन ते चार मिनिटांचा, संगीताशिवाय, सुरुवातीला नाव, जन्मवर्ष, उंची (बूट न घालता), जर्सी क्रमांक आणि कोणत्या रंगाचे कपडे. पहिल्या तीस सेकंदांत तुझे सर्वोत्तम पास आणि बचाव, कारण शॉट सगळेच दाखवतात. सोबत दोन पूर्ण सामने, न कापलेले, आणि त्यातला एक हरलेला. कॅमेरा मध्यरेषेजवळ, गॅलरीत उंचावर, दहाही खेळाडू दिसतील असा. रिंगमागून बाबांनी उभा मोबाइल धरून काढलेला व्हिडिओ कोच दहा सेकंदांत बंद करतात. दहावीची मार्कशीट त्याच मेलला जोड.

मुलगा शुद्ध शाकाहारी, वजन ७५ किलो. तिकडे खाण्याचं कसं होईल? — एक आई, नौपाडा, ठाणे

जड सराव करणाऱ्या मुलाला किलोमागे दीड ग्रॅम धरलं तर दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. वाटीभर वरणात सहा-सात, पेलाभर दुधात आठ, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा. म्हणजे वरण-भात-पोळीवर ते भरत नाही, इथेही भरत नसणार. दूध, दही, पनीर, सोयाबीन, भिजवलेले शेंगदाणे आतापासून मोजून चालू करा. तिथल्या मेसमध्ये बीन्स, दही, चीज, पीनट बटर रोज असतं. मुलाला राजम्यासारखे थंड बीन्स सॅलडमध्ये खायची सवय हवी. अंडं चालत असेल तर प्रश्न निम्मा सुटतो. बी१२ आणि डी जीवनसत्त्वाची रक्ततपासणी जाण्याआधी करून घ्या. इंडक्शन किंवा छोटा कुकर बॅगेत भरू नका, हॉस्टेलच्या खोलीत चालत नाही, आगीच्या नियमांखाली काढून घेतात.